कॅम्पर व्हॅनच्या टपावर कायाक : नागपूरहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद नाव, घेताना सगळे रंग बघतात, लांबी बघतात, बसायला किती आरामशीर आहे ते बघतात. ती घरापासून पाण्यापर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न पडतो तो तीन मीटरचं धूड दारासमोर आडवं पडल्यावर. मला विचारायला येणारे बहुतेक जण याच टप्प्यावर असतात. व्हॅन तयार असते, कायाक आलेली असते आणि रविवारी खिंडसी तलावावर जायचं ठरलेलं असतं. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी माझ्याकडून झालेली चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच शिकलो. जुलैचा महिना होता. घरात पडलेली नायलॉनची दोरी घेतली, कायाकवरून दोन फेरे मारले, जीव खाऊन आवळली आणि निघालो. कामठी येईपर्यंत पाऊस लागला. कन्हानच्या पुलावर टपावरून धप्पकन आवाज आला. पूल संपल्यावर गाडी बाजूला घेतली आणि वर चढून पाहिलं, तर कायाकचं नाक उजवीकडे, म्हणजे ओव्हरटेक करणाऱ्या ट्रकांच्या बाजूला, चांगलं वीतभर सरकलेलं. दोरी तुटली नव्हती, गाठही सुटली नव्हती. नायलॉन भिजलं की ताणतं. तेवढंच झालं होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

त्या दिवसापासून दोन गोष्टी मी पक्क्या केल्या. कायाकवरून आडवे जाणारे पट्टे तिला खाली धरतात, पण पुढे-मागे सरकण्यापासून थांबवायला नाकाला आणि शेपटीला वेगळी दोरी लागते. आणि जास्त आवळणं म्हणजे जास्त सुरक्षित नाही, निदान आपल्या उन्हाळ्यात तरी अजिबात नाही.

आधी टेप काढा

दोरी-पट्ट्यांच्या आधी गाडी मोजा. जमिनीपासून टपाच्या सर्वांत उंच भागापर्यंत मोजायचं. त्यात एसी, छताचा पंखा, सोलर पॅनेल जे काही वर असेल ते धरायचं. एक उदाहरण घेऊ. व्हॅन 2.60 मीटर, त्यावर आडवे बार 15 सेंटीमीटर, त्यावर पालथी कायाक 40 सेंटीमीटर. एकूण झाले 3.15 मीटर, म्हणजे 10 फूट 4 इंच. हा आकडा मीटर आणि फूट दोन्हींत कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. रेल्वेच्या पुलाखाली उंचीची पाटी दिसते तेव्हा डोक्यात हिशेब करायला वेळ नसतो. मॉल आणि हॉस्पिटलच्या तळघरातल्या पार्किंगचा विषय तर कॅम्पर व्हॅनसाठी तसाही संपलेला आहे.

कायाक एका कुशीवर तिरपी ठेवायचे जे इंग्रजी 'जे' आकाराचे पाळणे मिळतात, ते लहान कारसाठी चांगले. उंच व्हॅनवर मी ते लावत नाही. कुशीवर ठेवलेली कायाक पाऊण मीटरभर उंच होते, बाजूचा वारा सगळा अंगावर घेते आणि वर चढवताना खांद्याच्याही बरंच वर उचलावी लागते. व्हॅनवर कायाक पालथी, आडव्या बारांवर. हे माझं ठाम मत आहे.

पालथी का, तर कायाकचा तळ हा तिचा सगळ्यांत लवचिक भाग असतो. तळ बारवर टेकवून पट्टा आवळला की तिथे खळगा पडतो. बसायच्या बाजूच्या कडा ताठ असतात, त्या वजन नीट पेलतात. शिवाय पालथ्या कायाकमध्ये पावसाचं पाणी साचत नाही. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो, आणि उताणी कायाक पावसात किती लीटर धरते ते एकदा बादलीने उपसून पाहिलंत तर हा मुद्दा पुन्हा सांगावा लागणार नाही.

टप किती पेलतं

एका माणसाची साधी प्लॅस्टिकची कायाक 20 ते 28 किलोची असते, दोघांची 30 ते 35 ची. हे वजन टपाला फार नाही. पण व्हॅनच्या टपावर कायाक एकटी कुठे असते? टपावरचा एसी तीसेक किलो, काचेचं सोलर पॅनेल दहा-बारा किलो, बार आणि त्यांचे पाय दहा किलो. गाडीच्या पुस्तिकेत टपावर किती वजन चालतं ते दिलेलं असतं आणि ही सगळी बेरीज त्या आकड्याच्या आत बसली पाहिजे. ती मर्यादा चालत्या गाडीसाठी असते. उभ्या गाडीवर दोन माणसं चढली तरी काही झालं नाही, म्हणून रस्त्यावरही चालेल असं समजू नका.

बार कुठे बसवायचे हे टप कशाचं आहे त्यावर ठरतं. ज्या गाड्यांच्या छताला कडेने पत्र्याची पन्हाळ असते, तिथे शिकंजा लावून बार बसतात. छताला भोक पाडावं लागत नाही आणि हा सगळ्यांत चांगला प्रकार. काही व्हॅनला कंपनीनेच बोल्टच्या जागा दिलेल्या असतात. अडचण होते ती फायबरचं उंच छत नंतर बसवून घेतलेल्या गाड्यांची. फायबरमध्ये नुसते स्क्रू पिळून बसवलेला बार वाऱ्याच्या उचलीने आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी हळूहळू सैल होतो, आणि आतल्या गादीवर पाणी टपकायला लागल्यावर ते कळतं. अशा गाडीला बारचे पाय छताखालच्या लोखंडी सांगाड्याला जोडून घ्या. वाडीला ट्रकच्या बॉडीची कामं करणारे कारागीर आहेत, त्यांना हे काम समजतं. फक्त सांगताना 'कॅरिअर बसवा' एवढंच म्हणू नका. कायाक आणा, ठेवून दाखवा आणि मग मापं घ्यायला लावा.

दोन बारांमधलं अंतर कायाकच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून कमी नको. तीन मीटरच्या कायाकला निदान एक मीटर. जास्त असेल तर उत्तम. आणि कायाक गाडीच्या मध्यावर, पुढच्या-मागच्या चाकांच्या दरम्यान बसेल असे बार लावा. अगदी मागे लावलेली कायाक प्रत्येक स्पीड ब्रेकरवर शेपटीसारखी उडते.

सोलर पॅनेल असेल तर आणखी एक काळजी. पॅनेलच्या कोपऱ्यावर कायाकची सावली पडली तरी वीज नुसती कोपऱ्याएवढी कमी होत नाही. आतले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक झाकला की सबंध ओळ अडखळते. शक्य असेल तर कायाक एका कडेला आणि पॅनेल दुसऱ्या कडेला. छताच्या पंख्याचं झाकण उघडायला जागा राहते का, तेही आत्ताच बघून घ्या.

कायद्याचंही सांगतो. गाडीवरचा माल ठरलेल्या मर्यादेबाहेर बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत गेला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 2019 च्या दुरुस्तीपासून 20,000 रुपये दंड आहे, वर माल उतरवायचा खर्चही आपलाच. पाच-सहा मीटर लांबीच्या व्हॅनवर तीन मीटरची कायाक सगळ्या बाजूंनी आत बसते, म्हणून घाबरायचं कारण नाही. लहान व्हॅन आणि चार मीटरची लांब कायाक असा जोड असेल, तर मात्र खरेदीच्या आधीच विचार करा.

पट्टे आणि दोऱ्या

25 मिलिमीटर रुंदीचे पॉलिस्टरचे, कॅम बकलवाले पट्टे घ्या. कॅम बकल म्हणजे ज्यात पट्टा हाताने ओढला की दातेरी जीभ तो धरून ठेवते ते. ट्रकवाले वापरतात ते रॅचेट, कट-कट करत आवळायचे, ते कायाकला नकोत. रॅचेटमध्ये ताकद इतकी मिळते की आपण किती आवळतोय हे हाताला कळतच नाही. लोखंडी पेटीला ते योग्य, प्लॅस्टिकला नाही. पॉलिस्टरच का, ते कन्हानच्या पुलावर कळलं. नायलॉन भिजून ताणतं, पॉलिस्टर जवळजवळ ताणत नाही.

चार ते पाच मीटरचे दोन पट्टे, एक जादा, आणि नाक-शेपटीसाठी आठ मिलिमीटरची पॉलिस्टरची दोरी, दोन तुकडे. इतवारीत दोरी आणि ताडपत्रीच्या दुकानांत विचारा, फक्त 'पॉलिस्टर' हा शब्द दोनदा उच्चारा, कारण मागितल्यावर समोर पहिल्यांदा नायलॉनच येतं. बारांना गुंडाळायला फोमची नळी किंवा सायकलची जुनी ट्यूब चालते.

वर चढवणं

पहिल्या वेळी तिघं जण असा. नंतर दोघांत जमतं. एकट्याने उंच व्हॅनवर चढवू नका.

सुरुवात वर बघून करायची. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांत विजेच्या तारा किती खाली लोंबतात ते आपण रोज बघतो. तीन मीटरची कायाक उभी केली की तिचं टोक सहज तिथवर पोचतं. तार डोक्यावर असेल तर गाडी पुढे घ्या, मोकळ्या जागी हे काम करा. 

कायाकमधलं पाणी, पाण्याची बाटली, वल्हं, सीट सगळं काढून आत गाडीत ठेवा. मागच्या दाराच्या वरच्या कडेवर जुनी गोधडी किंवा जाड रबरी चटई टाका. आता कायाक गाडीच्या मागे उभी करायची, नाक वर, शेपटी जमिनीवर, आणि बसायची बाजू गाडीकडे. हे शेवटचं विसरायचं नाही. बसायची बाजू गाडीकडे असली म्हणजे वर सरकवून आडवी केल्यावर कायाक आपोआप पालथी होते. उलटी उभी केलीत तर टपावर चढून तिला पलटावं लागेल, आणि माणसं पडतात ती अशाच वेळी.

एक जण मागच्या शिडीवर, नाकाला दिशा द्यायला. दोघं खाली. नाक गोधडीवर टेकलं की खालच्यांनी शेपटी उचलून पुढे ढकलायची. अर्धं वजन टपावर असतं, म्हणून हातांवर निम्मंच येतं. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून. शिडीवरच्याने कायाक ओढायची नाही, फक्त वळवायची. तो ओढायला लागला की त्याचा तोल जातो. कायाक दोन्ही बारांवर आली की मध्यावर आणा, आणि खाली उतरून मागून बघा की ती गाडीला समांतर आहे.

बांधणं

पट्ट्याचं बकल कायाकच्या कडेजवळ ठेवा आणि बकलखाली फोमचा तुकडा किंवा जुन्या चपलेचा रबर घाला, नाहीतर धातू प्लॅस्टिकला घासतो. दुसरं टोक कायाकवरून पलीकडे टाका. टाकताना आधी 'टाकतो' म्हणून ओरडायचं, बकलचा मार तोंडावर बसला तर दात जातो. पलीकडे पट्टा बारच्या खालून घ्यायचा आणि पुन्हा कायाकवरून परत, मग अलीकडच्या बारखालून वर बकलमध्ये. कायाकच्या अगदी लगत बारला वळसा द्या. दूर दिला तर कायाक तेवढी डावी-उजवी हलते. कायाकच्या उचलायच्या प्लॅस्टिकच्या मुठींना पट्टा अडकवू नका.

जिथे पट्टा हवेत मोकळा जातो तिथे त्याला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि 60 च्या वर गेलात की टपावर कुणी पिपाणी वाजवतंय असा आवाज येतो. एका पिळाने तो बंद होतो. उरलेलं टोक बारला बांधून टाका, फडफडत ठेवू नका, कारण फडफडून पट्टा टोकाकडून विरतो.

किती आवळायचं? एका हाताने, शरीराचा भार न टाकता, ओढता येईल तेवढंच. मग पट्ट्याखाली प्लॅस्टिककडे निरखून बघा. तिथे खोलगट सावली दिसू लागली तर थोडं सैल करा. आता नाक धरून कायाक हलवा. कायाक हलता कामा नये, तिच्यासोबत सगळी व्हॅन झुलली पाहिजे. 

राहिल्या नाक-शेपटीच्या दोऱ्या. कारबद्दलच्या व्हिडिओंत त्या बंपरपर्यंत नेतात, कारण तिथे कायाक कारएवढीच लांब असते. लांब व्हॅनवर कायाकचं नाक काचेच्या बरंच मागे असतं. तिथून बंपरपर्यंतची दोरी काचेवरून लोंबते आणि कायाकला धड धरतही नाही. त्यापेक्षा टपावरच, नाकापुढे आणि शेपटीमागे फूट-दोन फुटांवर, जाड बोल्टच्या कड्या बसवून घ्या. बार बसवतानाच हे काम करून घेतलं तर खर्चही कमी. नाकाकडून दोन दोऱ्या इंग्रजी 'व्ही'सारख्या डाव्या-उजव्या कड्यांना, शेपटीकडूनही तशाच. ब्रेक मारला की मागच्या दोऱ्या कायाकला पुढे जाऊ देत नाहीत, वेग घेताना पुढच्या दोऱ्या मागे.

गाठ ट्रकवाल्यांची. ती शिकायची तर संत्र्यांच्या हंगामात कळमना मार्केटला सकाळी जाऊन उभं राहा. ताडपत्री बांधणाऱ्या क्लीनरचे हात बघा. दोरीचं एक टोक कायाकला बांधलेलं असतं. दोरीच्या मध्यावर तो एक फास तयार करतो, मोकळं टोक खालच्या कडीतून घेऊन पुन्हा वर त्या फासातून काढतो आणि खाली ओढतो. फास कप्पीसारखं काम करतो, थोड्या ताकदीत दोरी ताठ होते. मग तो जागीच चिमटीत दाबून धरतो आणि दोन अर्धे फेरे मारून टाकतो. मी एकाला विचारलं, तेव्हा त्याने न बोलता गाठ सोडली आणि माझ्यासाठी सावकाश पुन्हा बांधली. तीनदा. घरी पलंगाच्या पायाला बांधून सराव करा, डोळे मिटून येईपर्यंत.

आपलं ऊन

बाहेरच्या कुठल्याही सूचनांत हे पुरेसं सांगितलेलं नसतं. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचं टप त्याहूनही कितीतरी जास्त तापतं, हात ठेववत नाही. त्या उष्णतेत कायाकचं प्लॅस्टिक मऊ पडतं. सकाळी बरोबर आवळलेला पट्टा दुपारी मऊ प्लॅस्टिकमध्ये रुततो, खळगा पडतो, आणि खळग्यामुळे तोच पट्टा सैल होतो. म्हणजे नुकसान दोन्हीकडून.

म्हणून उन्हाळ्यात पहाटे पाचला निघा, सूर्य वर यायच्या आत पाण्यावर पोचा. जेवायला थांबलात तर झाडाखाली, आणि गाडी उन्हातच ठेवावी लागली तर पट्टे थोडे सैल करा, निघताना पुन्हा आवळा. ती पुन्हा आवळायची आठवण राहावी म्हणून मी गाडीची किल्ली जादा पट्ट्याला बांधून ठेवतो. खळगा पडलाच तर लगेच घाबरू नका. कायाक काढून, वजन न ठेवता, तळ वर करून उन्हात ठेवली की बहुतेक खळगे आपोआप भरून येतात.

बंद पोकळीच्या कायाकमध्ये आतली हवा तापून फुगते. प्रवासात तिचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढायचं बूच, थोडा उघडा ठेवा. पाण्यात उतरवण्याआधी तो घट्ट बंद करायचा, आणि हे काम एकाच माणसाकडे ठरवून द्या.

रस्त्यावर

पहिल्या पाच किलोमीटरवर थांबा आणि सगळे पट्टे हाताने तपासा. कामठी रोडने जाणार असाल तर कामठीच्या अलीकडे. त्यानंतर मनसरला, उजवीकडे रामटेकसाठी वळल्यावर. तपासणं म्हणजे खालून बघणं नव्हे. शिडीवर चढून हात लावायचा.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 ऐवजी 120 ने गेलात तर कायाकवरचा वाऱ्याचा जोर दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गावर 120 ची परवानगी असली तरी कायाक असताना 80 च्या वर जाऊ नका, आणि डावी लेन सोडू नका. राष्ट्रीय महामार्ग 44 वर ट्रेलर ओव्हरटेक करून गेला की हवेचा एक धक्का आधी ढकलतो आणि लगेच ओढतो. स्टिअरिंग दोन्ही हातांत घट्ट धरा. एप्रिल-मेमधल्या अवकाळी वादळात तर गाडी थांबवणं हेच बरोबर. आडव्या वाऱ्यात उंच व्हॅन आणि वर कायाक हा जोड चालवायचा नसतो.

कुठे न्यायची

रामटेकजवळचा खिंडसी तलाव नवशिक्यांना सोयीचा. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर, आणि पाण्यावरून गडमंदिराचा डोंगर दिसतो. स्वतःची कायाक उतरवायच्या आधी तिथे बोटिंग चालवणाऱ्यांशी बोला, कुठून उतरायचं आणि कुठे जायचं नाही ते विचारून घ्या. शहरातल्या तलावांसाठी महापालिकेची परवानगी विचारा. तोतलाडोहचं पाणी कितीही मोहवणारं असलं तरी ते पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे आपली नाव घेऊन जायचं मनातही आणू नका. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुठल्याही तलावात नाही, पोहता येत असलं तरी.

वर्षातून एक-दोनदाच जाणार असाल तर माझा प्रामाणिक सल्ला, हवा भरायची कायाक घ्या. पिशवीत बसते, व्हॅनच्या आत मावते, वरचं सगळं वाचतं. दर महिन्याला जाणाऱ्यांनीच टपावरच्या ताठ कायाकचा खटाटोप करावा.

परतताना पट्टे बांधायच्या आधी कायाक तिरपी करून आतलं सगळं पाणी काढा, आणि तळाला, दोऱ्यांना चिकटलेली जलपर्णी हाताने ओढून तिथेच, काठापासून दूर कोरड्या जमिनीवर टाका. अंबाझरीत ती किती पसरते ते नागपूरकरांनी पाहिलंय. तिचा एक तुकडा पुढच्या तलावात पोचायला पुरतो. घरी आल्यावर कायाक टपावर तशीच ठेवू नका. सावलीत, भिंतीला टेकवून एका कुशीवर उभी करा, खाली दोन जुने टायर घाला, आणि पट्टे धुऊन सावलीतच वाळवा.